उतारवयाची तिहेरी शर्यत



इतिहास म्हटला की गड, लढाया आणि तह यांचा इतिहास ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आज मी ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे त्याचे वय जेमतेम अर्धशतकाचे आहे, आणि त्यातील माणसे पोटापाण्याची कामे करणारी आहेत : एक वकील, एक विटा वाहणारा बिगारी, एक धर्मभगिनी, एक खिळे जुळारी आणि एक निवृत्त वार्ताहर. ज्या वयात घरचे आणि दारचे सगळेच माणसाला ‘आता बसा’ असे सांगू लागतात, त्या वयात ही माणसे शर्यतीच्या रेषेवर उभी राहिली. ती का उभी राहिली, त्यांना कोणी अडवले, आणि त्यातून तुम्ही-आम्ही काय घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही. माझे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, एक सभा संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या वेळात. तेव्हा खेळाचा हा इतिहास मी कामगाराच्या नजरेने पाहिला, तर श्रोत्यांनी त्यात वावगे मानू नये.

प्रथम ही शर्यत कोणती ते सांगतो. तिला ट्रायथलॉन म्हणतात. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी एकापाठोपाठ एक करावयाच्या. मध्ये घड्याळ थांबत नाही. ओले कपडे बदलून सायकलीवर बसण्यात जो वेळ जाईल तोही हिशेबात धरला जातो. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला तेव्हा अंतरे होती दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. याच शर्यतीचे थोरले रूप म्हणजे आयर्नमॅन. त्यात समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची, आणि मग ४२.२ किलोमीटरची पुरी मॅरेथॉन धावायची. पुणे-मुंबई अंतर दीडशे किलोमीटर धरले, तर नुसती सायकलच त्याहून तीस किलोमीटर अधिक झाली. हे सारे एका दिवसात.

असला खेळ हे विशीतल्या पोरांचे काम, असे कोणालाही वाटेल. परंतु त्याचे मूळ शोधू गेल्यास आपण एका पन्नास वर्षांच्या माणसाच्या वाढदिवसापाशी जाऊन पोहोचतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांताच्या दक्षिण टोकाला सॅन डिएगो नावाचे बंदराचे शहर आहे. तेथे डेव्हिड पेन नावाचा एक वकील होता. चाळिशी उलटलेल्या धावपटूला मैदानात जागा नाही, त्याने फार तर प्रेक्षकांत बसावे, ही रीत त्याला पटेना. म्हणून त्याच्या पुढाकाराने १९६८ साली सॅन डिएगोला चाळिशीपुढच्या लोकांच्या स्वतंत्र मैदानी स्पर्धा भरल्या. त्या चळवळीतूनच १९७५ साली टोरांटो येथे प्रौढांची पहिली जागतिक मैदानी स्पर्धा झाली. याच पेनने १९७२ च्या जुलैमध्ये आपला पन्नासावा वाढदिवस एका जोडशर्यतीने साजरा केला : आधी धावायचे, मग पोहायचे. ही वाढदिवसाची शर्यत पुढच्या वर्षीही झाली, आणि त्या वर्षी तीत जॅक जॉनस्टोन नावाचा एक गृहस्थ उतरला. त्याला ती कल्पना इतकी आवडली की आपणही अशीच, पण पोहण्याला अधिक वाव देणारी शर्यत भरवावी असे त्याच्या मनाने घेतले. डॉन शॅनहन हा दुसरा गृहस्थ त्याला मिळाला, आणि त्याने त्यात सायकलीची भर घातली. २५ सप्टेंबर १९७४, बुधवारची संध्याकाळ. मिशन बे नावाच्या खाडीवर ४६ माणसे जमली. शर्यत संपता संपता अंधार पडला, तेव्हा मागे राहिलेल्यांना मोटारींचे दिवे लावून वाट दाखवावी लागली. आधुनिक ट्रायथलॉनचा जन्म तो हा.

त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नावाचा अमेरिकन आरमारातील एक अधिकारी होता. पुढे त्याची बदली हवाई बेटांवर झाली. पोहणारा श्रेष्ठ, धावणारा श्रेष्ठ, की सायकलवाला श्रेष्ठ, असा वाद तेथे एकदा रंगला असता त्याने तोड काढली. बेटावर आधीच होत असलेल्या तीन शर्यती त्याने एकत्र बांधल्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधराजण सुटले आणि बाराजण पोहोचले. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर या बाईने ती शर्यत पुरी करून स्त्रियांचेही खाते उघडले.

येथवरची हकीकत खेळाच्या पुस्तकांत सापडते. आता माझ्या धंद्याच्या अंगाने दोन शब्द बोलतो. मैदानाच्या दाराशी वयाची भिंत उभी राहण्याच्या कितीतरी आधी तेथे दुसरी एक भिंत होती. १८६६ साली इंग्लंडमध्ये ‘हौशी’ खेळाडूची व्याख्या लिहिली गेली, तेव्हा तीतून यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांना नाव घेऊन वगळण्यात आले. हेन्ली येथील नौकाशर्यतींनी १८७९ साली असाच नियम केला. ज्याने मजुरीसाठी हातांनी काम केले तो हौशी नव्हे! कारण सांगितले जाई ते असे की, अंगमेहनतीने ज्याचे स्नायू घट्ट झाले आहेत त्याला सद्गृहस्थावर गैरवाजवी फायदा मिळतो. १९२० साली जॉन केली या अमेरिकन नाविकाचा हेन्लीचा अर्ज नाकारला गेला. त्याच्या क्लबाशी हेन्लीवाल्यांचा जुना तंटा होता, हे एक कारण. आणि तो गवंडीकाम केलेला माणूस होता, हे दुसरे. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये या गवंड्याने सुवर्णपदक जिंकले. हेन्लीचा नियम मात्र जायला आणखी सतरा वर्षे लागली.

नियम गेला म्हणून कामगार मैदानात आला, असेही नाही. मैदानात यायला वेळ लागतो, आणि वेळ कोणी दान देत नाही. २१ एप्रिल १८५६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवून मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस मिळवला. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी तेथून जगभर गेली. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सह्या जमवून रविवारच्या सुट्टीची मागणी केली. ती पदरात पडायला १० जून १८९० उजाडावा लागला. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरवला, १९२२ च्या कायद्याने अकरा, १९३४ च्या कायद्याने दहा. आणि आठवड्याला ४८ तास हे गणित १९४६ आणि १९४८ च्या कायद्यांनी आले. बारा तास साच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला संध्याकाळी पोहायला जा म्हणणे ही थट्टाच होय. तो चाळिशीत म्हातारा दिसत असे, आणि लोक म्हणत, वय झाले. मी म्हणतो, त्यातले वय किती आणि पाळी किती, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

हा हिशेब ज्याने आपल्या अंगाने मांडून दाखवला त्याचे नाव वॉल्ट स्टॅक. सॅन फ्रान्सिस्को शहरात तो गवंड्यांच्या हाताखाली विटा आणि चुना वाहणारा बिगारी होता. युनियनचा कडवा माणूस, विचाराने कम्युनिस्ट. पन्नाशी पुरती उलटून गेल्यावर तो धावू लागला. सकाळी उठून सायकलने खाडीवर जायचे, गोल्डन गेट पूल ओलांडून सतरा मैल धावायचे, आणि परत येऊन खाडीच्या गारठणक पाण्यात पोहायचे, असा त्याचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. त्याने धावणाऱ्यांचा जो संघ नावारूपाला आणला त्यात हळू धावणाऱ्यांना, बायकांना आणि मुलाबाळांना मुक्तद्वार होते. जोरात सुरुवात करू नका, हळू सुरू करा आणि मग आणखी हळू व्हा, असा गमतीचा उपदेश तो नवशिक्यांना करी.

१९८१ साली आयर्नमॅन शर्यत हवाईतल्या थोरल्या बेटावर कोना येथे हलवण्यात आली. त्या वर्षी वॉल्ट स्टॅक ७३ वर्षांचा होता, आणि तो रेषेवर उभा राहिला. पहिला आलेला जॉन हॉवर्ड ९ तास ३८ मिनिटांत मोकळा झाला. स्टॅकला लागले २६ तास २० मिनिटे. म्हणजे सकाळी पाण्यात उतरलेला हा बिगारी दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवून वर आल्यावर अंतिम रेषेवर आला. विजेता तोवर झोप घेऊन उठला असेल. पण स्टॅक पोहोचला, आणि त्या शर्यतीच्या इतिहासात सर्वांत अधिक वेळ घेऊन ती पुरी करणारा म्हणून त्याचे नाव राहिले. १९८८ साली एका बूट-कंपनीने आपल्या नव्या जाहिरातीसाठी चेहरा निवडला तो याच ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा. १९९५ साली तो वारला.

पुढे या शर्यतीला सतरा तासांची मर्यादा पडली. आज स्टॅक असता तर मध्यरात्री त्याला रस्त्यावरून उठवून गाडीत बसवले असते. मर्यादा घालणे अन्यायाचे आहे काय? माझ्यापुरते उत्तर मी देतो. रस्ता अडवून धरणारा पोलीस, पाण्याचा पेला पुढे करणारा स्वयंसेवक, होडीत बसून पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा जीवरक्षक, यांनाही घरदार आहे आणि त्यांचेही तास मोजले पाहिजेत. तेव्हा घड्याळ असावे. मात्र घड्याळ सर्वांना एक असले तरी माप सर्वांना एक असू नये. विशीतला आणि सत्तरीतला यांना एकाच यादीत बसवून सत्तरीतल्याला शेवटचा ठरवणे, यात हिशेब नाही. यावर या खेळाने जो तोडगा काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. पाच-पाच वर्षांचे वयोगट करायचे, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला जे वय असेल ते धरायचे, आणि प्रत्येक गटात पहिला, दुसरा, तिसरा निराळा काढायचा. अंतर तेच, समुद्र तोच, चढ तोच. तुलना मात्र बरोबरीच्यांशी. यात दया कोठेच नाही.

हे गट वर सरकत गेले ते समितीच्या बैठकीत कोणाला सुचले म्हणून नव्हे. माणसे पुढे गेली आणि नियमाला त्यांच्यामागे जावे लागले. सिस्टर मॅडोना ब्यूडर या कॅथलिक धर्मभगिनी १९३० साली जन्मल्या. त्या धावू लागल्या तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या, आणि पहिली ट्रायथलॉन त्यांनी बावन्नाव्या वर्षी केली. त्या वयाने वरच्या गटात गेल्या की त्या गटात स्त्रियांचा रकानाच नसे. तो त्यांच्यासाठी उघडावा लागे. २००६ साली कोना येथे ७६ व्या वर्षी त्यांनी शर्यत संपवली तेव्हा सतरा तास पुरे व्हायला एक मिनिटही शिल्लक नव्हते. २०१२ साली कॅनडात त्यांनी ८२ व्या वर्षी आयर्नमॅन पुरी केली. त्यांनी उघडून ठेवलेल्या दारातून पुढे किती जणी गेल्या! २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नॅटली ग्रेबो या ८० वर्षांच्या अमेरिकन बाईंनी कोना येथील शर्यत पावणेसतरा तासांत पुरी केली. त्या पोहायला शिकल्या होत्या ५९ व्या वर्षी.

पुरुषांत जपानचे हिरोमु इनादा यांचे उदाहरण असेच आहे. १९३२ चा जन्म. आजारी पत्नीच्या शुश्रूषेसाठी साठाव्या वर्षी नोकरी सोडली, आणि घराबाहेर पडता येईल तेवढ्या वेळात पोहणे सुरू केले. ट्रायथलॉनकडे वळले ते सत्तरीच्या सुमारास. २०१५ साली कोना येथे ते अंतिम रेषेच्या तोंडाशी कोसळले, उठले, आणि वेळेची मर्यादा अवघ्या काही सेकंदांनी हुकली. निकालात नाव नाही! मर्यादा अन्यायाची म्हणून त्यांना तक्रार करता आली असती. ते पुढच्या वर्षी पुन्हा आले आणि वेळेत पोहोचले. २०१८ साली पुन्हा आले, आणि ८५ वर्षे पुरी झालेली असताना १६ तास ५३ मिनिटांत पोहोचले. तोवर इतक्या वयाच्या माणसाने ही शर्यत पुरी केलेली नव्हती.

आता कोणी म्हणेल, ही अपवादाची माणसे आहेत. साधारण शरीराचे काय? शरीरशास्त्र याबद्दल जे सांगते ते आशेचे आहे आणि सावधगिरीचेही आहे. श्रमाच्या वेळी शरीर प्राणवायू वापरते, त्या वापराची कमाल मर्यादा तिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी घटते. परंतु जो नियमित व्यायाम चालू ठेवतो त्याची घट याहून बरीच सावकाश होते. वेग आधी जातो, दम मागाहून जातो. आणि सांध्यांवर आदळआपट नसल्यामुळे सायकलीवरची उतरण धावण्यातल्या उतरणीपेक्षा मंद असते. म्हणून उतारवयाच्या माणसाला तिहेरी शर्यत एकेरी शर्यतीपेक्षा एका परीने सोयीची पडते. गुडघ्याने संप पुकारला त्या दिवशी त्याला पाणी आहे, आणि खांदा रुसला तर सायकल आहे.

हृदयाविषयी लोकांना मोठी धास्ती असते. तिच्यावरचा एक जुना दाखला मला सांगावासा वाटतो. क्लॅरेन्स डीमार हा अमेरिकेतील छापखान्यात काम करणारा खिळे जुळारी. हृदयाच्या ठोक्यात दोष आहे, धावणे सोड, असे त्याला १९११ च्या सुमारास डॉक्टरांनी सांगितले होते. त्याने बॉस्टनची मॅरेथॉन एकूण सात वेळा जिंकली, त्यातली शेवटची १९३० साली ४१ व्या वर्षी. आणि ६५ व्या वर्षी, म्हणजे १९५४ साली, तो ती शर्यत धावत होताच. १९५८ साली तो कर्करोगाने वारल्यावर त्याचे हृदय तपासण्यात आले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या त्याच्या धमन्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या. तो अहवाल १९६१ साली प्रसिद्ध झाला, आणि दीर्घ व्यायामाकडे पाहण्याची वैद्यांची दृष्टी बदलण्यास त्याने हातभार लावला.

तथापि या एका हृदयाच्या भरवशावर कोणी उद्या सकाळी समुद्रात उडी घेऊ नये. अमेरिकेतील ट्रायथलॉनमध्ये १९८५ पासून २०१६ पर्यंत झालेल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या प्रसंगांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील १३५ प्रसंगांपैकी दोन तृतीयांश पोहण्याच्या टप्प्यात घडले होते, आणि धोका सर्वांत अधिक होता तो साठीपुढच्या पुरुषांना. यंत्र जुने झाले की ते चालू करण्याआधी तेलपाणी आणि तपासणी लागते, हे गिरणीतल्या कोणत्याही जॉबरला ठाऊक असते. तोच न्याय स्वतःच्या देहाला लावावा. डॉक्टरांची तपासणी, महिन्यामहिन्यांनी वाढवलेला सराव, आणि छातीत दुखल्यास तत्क्षणी थांबण्याची तयारी, या तीन गोष्टींवाचून यात पडू नये.

आपल्या मुलुखातही हा खेळ आता परका राहिलेला नाही. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झ्यूरिक येथे आयर्नमॅन पुरी केली, तेव्हा पुष्कळ मराठी घरांत हा शब्द प्रथम पोहोचला. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या अंतराची आयर्नमॅन शर्यत भरली : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. डॉक्टर, इंजिनियर आणि उद्योजक अशी मंडळी तिच्यासाठी पहाटे उठून सराव करू लागली. याचा मला आनंद आहे. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. अशा शर्यतीचे प्रवेशशुल्क, प्रवास आणि तिला साजेशी सायकल यांचा खर्च कामगाराच्या आवाक्याबाहेरचा आहे. हेन्लीचा नियम मजुराला नाव घेऊन बाहेर ठेवत असे. आज तेच काम कोणाचे नाव न घेता पावतीपुस्तक करते. ज्या खेळात एका बिगाऱ्याने ७३ व्या वर्षी इतिहास केला, त्या खेळात बिगाऱ्याला जागा उरू नये, हे आपण मुकाट्याने पाहायचे काय?

माझी मागणी लहान आहे, आणि ती मी या व्यासपीठावरून गावाच्या कारभाऱ्यांपुढे ठेवतो. गावोगावी नगरपालिकेने बांधलेले पोहण्याचे तलाव आहेत. त्यांत आठवड्यातून तीन दिवस, सकाळचे दोन तास, पन्नाशीपुढच्या स्त्रीपुरुषांसाठी राखून ठेवावेत; दर निवृत्तिवेतनाला परवडेल असा असावा, आणि काठावर जीवरक्षक असावा. सरकारी दवाखान्यात वर्षाकाठी त्यांची हृदयतपासणी व्हावी. आणि पुढच्या वसंतात, ही व्याख्यानमाला संपेल त्या रविवारी, गावानेच एक तिहेरी शर्यत भरवावी : दोनशे मीटर पोहणे, घरच्या साध्या सायकलीवर दहा किलोमीटर, आणि तीन किलोमीटर चालणे किंवा धावणे. पाच-पाच वर्षांचे गट करावेत. वरचा शेवटचा गट मात्र लिहून बंद करू नये. त्यापुढची ओळ कोरी ठेवावी. त्या ओळीवर कोणाचे नाव पडायचे ते, ज्याला वाटेल त्याने येऊन लिहावे.